रिमोटला गिअर दिसत नाही

पिकअपला बाहेरून रिमोट स्टार्टर बसवायचा विचार मनात असेल, तर दुकानदाराला पैसे देण्याआधी एकच विचारा: गाडी गिअरमध्ये उभी असताना मी बटण दाबलं, तर तुमचं यंत्र सेल्फ मारणार की नाही? ‘तेवढं लक्ष तुम्हीच ठेवायचं’ असं उत्तर आलं, तर तिथून परत फिरा. मेहकरात माझ्या दारात जे घडलं, ते या एका उत्तरामुळे घडलं.

माझी पिकअप भाड्यानं चालते. हंगामात सोयाबीन, तूर, हरभरा बाजार समितीत न्यायचा. एरवी सिमेंट, पत्रे, मंडपाचं सामान. एप्रिल-मे महिन्यांत आमच्याकडे पारा चाळिशीच्या वर असतो. बाजार समितीच्या आवारात नंबर लागेपर्यंत गाडी उन्हात उभी राहते आणि परत येऊन दार उघडलं की केबिनमधून भट्टीसारखा झोत येतो. स्टिअरिंगला हात लावता येत नाही. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम आणि जड ट्रकांच्या केबिनला केंद्र सरकारनं एसी सक्तीचा केला, पण साडेतीन टनांपर्यंतच्या मालवाहू गाड्या, म्हणजे आपल्या पिकअप, त्या नियमात येत नाहीत. माझ्या गाडीला एसी होता. गाडीत बसण्याआधी पाच मिनिटं तो चालू राहिला, तर ड्रायव्हरला दिलासा मिळेल, एवढ्याच हेतूनं एका मोठ्या शहरातल्या ॲक्सेसरीच्या दुकानातून रिमोट स्टार्टर बसवून घेतला. ‘कुठल्याही गाडीला चालतो’ असं तिथं सांगितलं गेलं. गाडी हातात देताना शेवटी म्हणाले, ‘फक्त न्यूट्रलमध्ये ठेवत जा.’

आमच्या गल्लीला चांगलाच चढ आहे. त्या रात्री ड्रायव्हर उशिरा आला. चढाकडे तोंड करून गाडी लावली, हँडब्रेक ओढला आणि पहिला गिअर टाकून घरी गेला. यात त्याचं काहीच चुकलं नाही. चढावर गाडी गिअरमध्ये ठेवायची, म्हणजे हँडब्रेकची केबल ढिली पडली तरी इंजिन गाडीला धरून ठेवतं, हे प्रत्येक चांगला ड्रायव्हर उस्तादाकडून शिकलेला असतो. सकाळी निघायच्या आधी ओट्यावरून बटण दाबलं. गाडीनं सेल्फ घेतला, एक हिसका देऊन पुढं उडी मारली आणि इंजिन चालू झालं. मग ती थांबलीच नाही. हँडब्रेक ओढलेला असूनही संथपणे चढ चढत गेली, शेजाऱ्यांची मोटारसायकल आडवी केली आणि पुढच्या घराच्या ओट्याला भिडल्यावरच बंद पडली. सीटवर कोणी नव्हतं. ब्रेकवर पाय ठेवायला कोणी नव्हतं. शाळा असते तेव्हा गल्लीतली लहान मुलं त्याच ओट्याशी ऑटोची वाट बघत उभी असतात. उन्हाळ्याची सुटी होती म्हणून तिथं त्या वेळी कोणी नव्हतं.

हे का घडलं ते समजून घेतलं पाहिजे, कारण आपल्या भागातल्या जवळजवळ सगळ्या पिकअप हातानं गिअर टाकायच्या आहेत आणि बहुतेक डिझेलवर आहेत. गाडी गिअरमध्ये असली आणि क्लच दाबलेला नसला, की इंजिन आणि मागची चाकं एकमेकांना घट्ट जोडलेली असतात. सेल्फची मोटर इंजिन फिरवते, म्हणजे त्याच वेळी चाकंही फिरवते. पिकअपच्या डिझेल इंजिनची सेल्फ मोटर साधारण २ किलोवॅट ताकदीची असते. पहिल्या गिअरमध्ये रिकामी गाडी ढकलायला तेवढी ताकद पुरते. इंजिन एकदा पकडलं की काम आणखी अवघड होतं. डिझेल इंजिन ॲक्सिलरेटर न दाबताही पहिल्या गिअरमध्ये गाडी ओढत नेतं. भरलेली गाडी चिखलातून आपण तशीच काढतो. ओझं वाहून वाहून ढिला झालेला हँडब्रेक त्या ओढीपुढं टिकत नाही.

चावीनं गाडी चालू करताना माणूस नकळत तीन गोष्टी तपासतो: क्लच दाबतो, गिअरचा दांडा हलवून बघतो आणि समोर नजर टाकतो. रिमोट या तिन्ही गोष्टी काढून घेतो. त्यांच्या जागी स्विच आणि सेन्सर बसवले नाहीत, तर त्या तपासण्या कोणीच करत नाही.

ही वस्तू मुळात कुठून आली, तेही लक्षात घ्या. अमेरिकेच्या उत्तर भागात आणि कॅनडात हिवाळ्यात तापमान शून्याच्या खूप खाली जातं. काचेवरचा बर्फ वितळावा आणि केबिन उबदार व्हावी म्हणून तिथं रिमोट स्टार्टर रुजला. तिथल्या बहुतेक गाड्या ऑटोमॅटिक असतात. गाडी ‘पार्क’मध्ये असते तेव्हा चाकं आतून अडकवलेली असतात आणि इंजिनाचा त्यांच्याशी संबंध तुटलेला असतो. तिथं रिमोटनं सेल्फ मारला तरी गाडी जागची हलत नाही. त्या गाड्यांसाठी घडवलेलं किट आपल्या पाच गिअरच्या पिकअपमध्ये तसंच्या तसं जोडणं हीच धोक्याची सुरुवात आहे.

अपघातानंतर आमच्या इथल्या जुन्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गाडी नेली. त्यांनी स्टिअरिंगखालचं कव्हर उघडलं आणि टॉर्च मारून बराच वेळ आत बघत राहिले. म्हणाले, ‘भाऊ, यानं तर क्लचचा स्विचच डायरेक्ट केला.’ माझ्या गाडीत क्लच दाबल्याशिवाय सेल्फ लागत नव्हता. कंपनीनं दिलेलं ते संरक्षण एका वायरच्या तुकड्यानं कायमचं मोडून टाकलेलं होतं. म्हणजे रिमोट बाजूला ठेवला, तरी चावीनंसुद्धा गाडी आता गिअरमध्ये सेल्फ घेऊ शकत होती. बोनेटचा स्विच किटबरोबर आला होता, तो बसवलेलाच नव्हता. हँडब्रेकची वायर नुसती टेप गुंडाळून सोडून दिलेली होती. मेन सप्लायच्या वायरी सोलून, पिळून, टेप लावून जोडल्या होत्या आणि मधे फ्यूज नव्हता.

या शेवटच्या गोष्टीकडे फार जण दुर्लक्ष करतात. रिमोट स्टार्टर जोडताना गाडीच्या चार मुख्य वायरींना हात घातला जातो: बॅटरीचा मेन, इग्निशन, ॲक्सेसरी आणि सेल्फ. डिझेल गाडीत हीटर प्लगचा भारही असतो. या वायरींतून दहा-वीस अँपिअर किंवा त्याहून जास्त प्रवाह जातो. पिळलेला जोड धक्क्यांनी ढिला होतो, तापतो, मग टेप वितळते. आपल्या रस्त्यांवर धक्क्यांना तोटा नाही. त्यात धान्याची गाडी म्हटली की उंदीर येतातच आणि उघड्या वायरी कुरतडतात. उभ्या गाडीला पेट घेण्याची ही ओळखीची कारणं आहेत.

आणखी एक गोष्ट सापडली, तिनं मला जास्त अस्वस्थ केलं. नव्या गाड्यांच्या चावीत चिप असते. ती ओळखल्याशिवाय इंजिन चालू होत नाही. चोरी रोखण्यासाठी ही इमोबिलायझरची सोय असते. रिमोटला चावीची गरज पडू नये म्हणून दुकानात माझ्या दुसऱ्या चावीतली चिप काढून स्टिअरिंगखाली चिकटवून टाकली होती. गाडीत कायम एक चावी राहिली, तर इमोबिलायझर असून नसल्यासारखा. वर, गाडी चोरीला गेल्यावर विमा कंपनी सहसा दोन्ही मूळ चाव्या मागते. एक चावी फोडलेली असेल, तर दाव्याच्या वेळी काय उत्तर देणार?

विम्याची आणि कायद्याची बाजूही बघून घ्या. कंपनीच्या किमतीत नसलेलं विजेवर चालणारं जादा सामान पॉलिसीत वेगळं नोंदवावं लागतं. पॉलिसीच्या कागदावर त्यासाठी आयएमटी २४ असं कलम असतं. नोंद नसेल तर त्या सामानाची भरपाई मिळत नाही, आणि आगीचं कारण बाहेरून केलेली वायरिंग ठरली तर पूर्ण दावाच अडचणीत येऊ शकतो. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम १२६ सांगतं की सार्वजनिक जागी गाडी उभी करायची असेल तर चालकाच्या सीटवर परवानाधारक माणूस हवा. नाहीतर इंजिन बंद, ब्रेक लावलेला, किंवा गाडी आपोआप हलणार नाही अशी तजवीज हवी. गल्लीत, चौकात किंवा बाजार समितीत रिमोटनं गाडी चालू करून सोडणं या कलमाच्या हेतूच्या विरोधात जातं. कोणाला इजा झाली, तर बटण कोणी दाबलं हाच पहिला प्रश्न विचारला जाईल.

मॅन्युअल गाडीला रिमोट स्टार्टर सुरक्षित बसवता येतच नाही, असं मी म्हणत नाही. चांगल्या किटमध्ये त्यासाठी ठरलेली पद्धत असते. रात्री गाडी लावताना इंजिन चालू ठेवूनच गिअर न्यूट्रल करायचा, हँडब्रेक ओढायचा, चावी काढायची. यंत्र इंजिन चालू ठेवतं. मग बाहेर येऊन सगळी दारं लावली की इंजिन आपोआप बंद होतं. क्लच सोडलेला असताना इंजिन चालू होतं, म्हणजे गिअर न्यूट्रलमध्येच होता, हे यंत्राला पटतं. त्यानंतर एकही दार उघडलं, बोनेट उचललं किंवा हँडब्रेक सोडला, तर सकाळी रिमोट काम करत नाही. ही पद्धत चोख आहे, पण ती पूर्णपणे दाराच्या आणि हँडब्रेकच्या स्विचवर उभी आहे. जुन्या पिकअपमध्ये दाराचे स्विच धूळपाण्यानं गंजलेले असतात. स्विच खराब असेल, तर दार उघडलेलं यंत्राला कळत नाही. आणि एक गोष्ट कोणतंही किट बदलू शकत नाही: चढ-उतारावर गाडी गिअरमध्येच ठेवावी लागते. अशा जागी राहणाऱ्यानं रिमोट स्टार्टर घेऊच नये.

तरीही बसवायचाच असेल, तर एवढं पक्कं करा.

१. किट मॅन्युअल गिअरसाठीच बनवलेलं आहे, असं त्याच्या पुस्तिकेत लिहिलेलं हवं. तोंडी खात्रीवर जाऊ नका.

२. हँडब्रेक, बोनेट आणि सगळ्या दारांचे स्विच जोडलेले हवेत. गाडी ताब्यात घेण्याआधी दुकानातच, सपाट मोकळ्या जागेत, चाकांपुढं दगड लावून प्रत्येक स्विच तपासा. दार उघडा आणि बटण दाबा. हँडब्रेक सोडा आणि बटण दाबा. सेल्फ लागला नाही, तरच पैसे द्या.

३. कंपनीचा क्लच स्विच कायमचा डायरेक्ट करू देऊ नका. चावीनं गाडी चालू करताना तो पूर्वीसारखा काम करतोय, हे स्वतः तपासा.

४. बॅटरीजवळ फ्यूज, योग्य क्षमतेचे रिले, सोल्डर केलेले किंवा दाबून बसवलेले जोड आणि त्यावर स्लीव्ह हवी. नुसती टेप चालणार नाही.

५. मूळ चावी फोडू देऊ नका.

६. हीटरचा दिवा विझेपर्यंत थांबून मगच सेल्फ मारणारं आणि इंजिन चालू झाल्याचं आरपीएमवरून ओळखणारं किट घ्या. नाहीतर चालू इंजिनावर पुन्हा सेल्फ लागतो आणि दात झिजतात.

७. रिमोट मुलांच्या हाती लागेल असा ठेवू नका. गाडी गॅरेजला दिली की मेकॅनिकला आधी सांगा. तो इंजिनात हात घालून बसलेला असताना खिशातलं बटण दाबलं जाणं जिवावर बेतू शकतं.

८. पत्र्याच्या बंद शेडमध्ये किंवा घराच्या खिडकीशी गाडी लावत असाल, तर रिमोट वापरू नका. धुरातला कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्याला वास नसतो, आणि झोपेतल्या माणसाला तो उठूही देत नाही.

आणि मुळात गरज किती आहे, तेही तपासा. आपल्याकडच्या थंडीत डिझेल गाडी हीटरच्या काही सेकंदांत चालू होते, तिला बराच वेळ तापवत ठेवायची गरज नसते. १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांत जागेवर इंजिन चालू ठेवलं तर धुराच्या फिल्टरमध्ये काजळी साचते आणि डिझेलही जळतं ते वेगळंच. उन्हाचा त्रास कमी करायला साधे उपाय पुरतात: समोरच्या काचेला परावर्तक पडदा, सावलीची जागा, दोन्ही दारं उघडून दोन मिनिटं हवा खेळू देणं आणि मग काचा उघड्या ठेवून एसी लावणं. रिमोटची हौस सेंट्रल लॉकवर भागवता येते. त्यात सेल्फच्या वायरीला हात लागत नाही.

मी माझ्या गाडीतून ते यंत्र काढून टाकलं. क्लच स्विच पूर्ववत करून घेतला आणि वायरिंगचा खराब झालेला भाग बदलला. शेजाऱ्यांची मोटारसायकल दुरुस्त करून दिली.

पिकअप मालकांना माझी विनंती आहे: ड्रायव्हर बदलला की त्याला पहिल्याच दिवशी सांगा, गाडीत रिमोट आहे की नाही. जुनी गाडी विकत घेत असाल, तर स्टिअरिंगखालचं कव्हर उघडून ऑटो इलेक्ट्रिशियनकडून आतली वायरिंग बघून घ्या. मागच्या मालकानं काय जोडून ठेवलं, ते आरसी बुकात लिहिलेलं नसतं. आणि वायरिंगचं काम करणाऱ्या मित्रांनो, गिऱ्हाईक कितीही घाई करो, गिअर ओळखण्याची सोय नसलेलं किट मॅन्युअल गाडीला लावू नका. त्या कामाचे पैसे परत करा, पण ते काम करू नका.