रिपोर्ट चांगला, मग थकवा कसला?

प्रश्न : वय ४६. जबलपूरला कमानिया गेटजवळ राहते. सहा वर्षांपासून रुमॅटॉइड आर्थ्रायटिस आहे. आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट घेते. ईएसआर, सीआरपी या सूज दाखवणाऱ्या रक्ततपासण्या आता ठीक आहेत. तरी बडा फुहाऱ्याच्या बाजारापर्यंत जाऊन आले की अंगात त्राण उरत नाही. घरचे म्हणतात, "रिपोर्ट चांगला आहे, मग कुरकुर कसली?"
– एक वाचक

उत्तर : ताई, ही कुरकुर नाही. सीआरपी सूज मोजतं, थकवा मोजत नाही. रक्ताच्या रिपोर्टमधून सगळा त्रास कळत नाही, म्हणूनच या आजारात बटण लावणं, नळ फिरवणं, चालणं जमतं का, हे विचारणाऱ्या प्रश्नावल्या वापरतात. तुम्हीही दोन आठवडे वही ठेवा : सकाळचा आखडलेपणा किती मिनिटं टिकला, झोप कशी झाली, कोणतं काम अडलं. ती वही डॉक्टरांना दाखवा.

थकव्यामागे रक्तक्षय, थायरॉइड, अपुरी झोप किंवा नैराश्यही असू शकतं. त्यांची तपासणी करून घ्या. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचं. चुकून रोज घेतलं तर जिवावर बेततं. फॉलिक अॅसिड आणि रक्ततपासण्या डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे चालू ठेवा. बरं वाटलं म्हणून गोळ्या स्वतःहून बंद करू नका.

पूर्ण विश्रांतीपेक्षा रोजचं थोडं चालणं थकवा जास्त कमी करतं. बाजारहाट दोन फेऱ्यांत वाटा, गर्दीची वेळ टाळा, पिशवी बोटांवर न लटकवता खांद्याला लावा. पुढच्या तपासणीला घरातलं कुणीतरी सोबत न्या. तुमचा थकवा त्यांनी डॉक्टरांच्या तोंडून ऐकला, तर निम्मं ओझं तिथेच उतरेल.