सुरक्षित मातृत्व : तीन विलंब टाळावयास हवेत

बाळंतपण हा स्त्रीचा पुनर्जन्म असतो, असे आपल्याकडे पूर्वापार म्हटले जाते. या बोलण्यामागे अनेक घरांचा कटू अनुभव आहे. नमुना नोंदणी पाहणीनुसार २००४-०६ या काळात दर एक लाख जिवंत जन्मांमागे देशात २५४ व महाराष्ट्रात १३० माता दगावत. २०१८-२० मध्ये हे प्रमाण अनुक्रमे ९७ व ३३ वर आले. ही प्रगती निश्चितच समाधानकारक होय. परंतु उरलेले मृत्यूही बहुतांशी टाळता येण्याजोगे आहेत, हे विसरून चालणार नाही.

धोके कोणते?

प्रसूतीनंतरचा अतिरक्तस्राव हे मातामृत्यूचे एक प्रमुख कारण होय. मूल जन्मल्यावर गर्भाशय आकुंचन पावते व त्यामुळे रक्तवाहिन्या मिटतात. ते सैल राहिले किंवा वारेचा तुकडा आत राहिला, तर रक्त वाहतच राहते आणि धडधाकट स्त्रीही काही तासांत दगावू शकते. जिच्या अंगात मुळातच रक्त कमी, तिला तेवढाही अवधी मिळत नाही. याशिवाय रक्तदाब वाढून झटके येणे, जंतुसंसर्ग होणे व बाळंतपण अडणे हेही गंभीर धोके आहेत.

नियमित तपासणीने रक्तक्षय व वाढलेला रक्तदाब वेळीच लक्षात येतो. तथापि, तपासणीत कोणताही दोष न आढळलेल्या स्त्रीलाही अतिरक्तस्राव होऊ शकतो. म्हणूनच प्रत्येक प्रसूतीसाठी पूर्वतयारी हवी.

तीन विलंब

सेरीन थॅडियस व डेबोरा मेन या संशोधकांनी १९९४ साली मातामृत्यूमागील तीन विलंब विशद केले. पहिला विलंब घरात होतो. तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर सूज, रक्त जाणे ही लक्षणे अंगावर काढली जातात. घरातील कर्ता पुरुष येईपर्यंत निर्णय थांबतो. दुसरा विलंब वाटेत होतो. वाहन मिळत नाही, पावसाळ्यात ओढ्याला पूर येतो. तिसरा विलंब रुग्णालयात होतो. तेथे डॉक्टर, भूल देणारे तज्ज्ञ अथवा रक्त उपलब्ध नसते. हा तिसरा विलंब दूर करणे ही यंत्रणेची जबाबदारी आहे, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे.

गावाने काय करावे?

पहिल्या दोन विलंबांवर मात्र गावाला पुष्कळ काही करता येईल. आशा कार्यकर्तीकडून गरोदर स्त्रियांची यादी घेऊन ग्रामपंचायतीने पुढील गोष्टी आधीच ठरवाव्यात :

१) रात्री-अपरात्री १०८ अथवा १०२ क्रमांकाची गाडी पोहोचू न शकल्यास कोणाचे वाहन निघेल?
२) शस्त्रक्रिया व रक्ताची सोय असलेले जवळचे रुग्णालय कोणते?
३) रक्त देण्यास कोण तयार आहेत?
४) ऊसतोडीस जाणाऱ्या गरोदर स्त्रीजवळ तिचे तपासणी कार्ड आहे काय?

शासकीय रुग्णालयातील प्रसूती, शस्त्रक्रिया, औषधे, रक्त व वाहन ही सेवा जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली २०११ पासून विनामूल्य आहे. दुर्गम आदिवासी भागात प्रसूतीपूर्वी आरोग्य केंद्राजवळ राहण्यासाठी माहेरघराची योजना आहे. शिक्षकांनी पालकसभेत ही माहिती आवर्जून द्यावी.

मातेचा जीव वाचणे हे पुष्कळदा वेळेवर उचललेल्या पावलावर अवलंबून असते. ते पाऊल कोणी, केव्हा व कसे उचलावयाचे, हे कळा सुरू होण्यापूर्वीच ठरलेले असावे.