पथक नेमाल, पण पावडरीचे काय?

प्रश्न : आमचे गाव पंचगंगेकाठी आहे. पुरानंतर जुलाब-काविळीची साथ येऊ नये म्हणून ग्रामपंचायतीने आपत्कालीन पथक नेमावे का?

उत्तर : जरूर नेमा, पण आधी जलसुरक्षकाकडची टीसीएल (ब्लीचिंग) पावडर तपासा. ओलाव्यात उघड्या पडलेल्या पावडरीतला क्लोरीन उडून जातो. मग नोंदवहीत शुद्धीकरण होते, पाण्यात नाही. पावडर टाकल्यावर अर्ध्या तासाने, तेही गावातल्या शेवटच्या नळाला, ओटी (ऑर्थोटोलिडीन) चाचणीत पाणी पिवळे दिसले पाहिजे. लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरावा, साथीच्या काळात ०.५. पाण्याला वास येतो, ही तक्रार होईलच, होऊ द्या. धोका फक्त पुरातच असतो असे नाही : २०२५च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात गुलेन-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले, तेव्हा संशय पाण्यावरच आला, आणि तिथे पूर नव्हता.

साथ रोखणे हे सरकारचे काम, असा आक्षेप रास्त आहे, पण अपुरा. २०१९च्या महापुरात पुणे-बंगळूर महामार्गच कोल्हापूरजवळ बंद पडला होता. अशा वेळी पहिले काही दिवस गावात असतात ते आशाताई आणि शेजारी. म्हणून गरोदर बाया, इन्सुलिन घेणारे, डायलिसिसवरचे रुग्ण यांची यादी आणि ओआरएसचा साठा जूनपूर्वीच तयार हवा. पथकाची पहिली बैठक याच यादीवर घ्या.