कालवाच्या पोटातला स्विच

विरारकडे जाणारी लोकल भाईंदरच्या खाडीपुलावर आली की आपण काय करतो? नाकाला रुमाल लावतो, नाहीतर खिडकीतून निर्माल्य टाकणाऱ्यांकडे बघत बसतो. ओहोटीला चिखलात वाकून कालवं आणि तिसऱ्या गोळा करणाऱ्या बायकांकडे माझंही कधी लक्ष गेलं नव्हतं. त्यांच्यातल्या एका मावशींनी एकदा विचारलं, "तू इंजिनीयर होणार ना? मग सांग, तिसऱ्या वरून चांगल्या दिसतात, आत मांस का भरत नाही?" मला उत्तर देता आलं नाही. म्हणून हा लेख. शुद्धलेखनाच्या चुका माफ करा, शाळा कॉन्व्हेंटची!

ही खाडी म्हणजे उल्हास नदीचं तोंड. अंबरनाथ, उल्हासनगर, डोंबिवली या कारखान्यांच्या पट्ट्यातलं सांडपाणी इथपर्यंत येतं. खाडीच्या गाळात पारा साठल्याचं राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी नोंदवलंय. मासा निदान पळून जाऊ शकतो. कालव एका जागी चिकटून तेच पाणी कल्ल्यांतून गाळत बसतं.

मग ते जगतं कसं? समजा, पाण्यातून कॅडमियम पेशीत शिरलं. ते तिथल्या झिंकला जागेवरून हाकलतं. मोकळं झालेलं झिंक एका नियंत्रक प्रोटीनला चिकटतं आणि ते प्रोटीन डीएनएवरच्या ठरलेल्या जागी जाऊन बसतं. रिले ओढला गेल्यासारखा एक जीन 'ऑन' होतो आणि मेटॅलोथायोनिन नावाचं प्रोटीन भराभर बनू लागतं. त्यातल्या गंधकाच्या अणूंमध्ये कॅडमियम अडकून पडतं. म्हणजे हार्डवेअर तेच, डीएनएची अक्षरंही तीच, फक्त कुठला स्विच किती वेळ चालू ठेवायचा ते बदलतं.

पण वीज फुकट नसते! प्रोटीन बनवायला, बिघडलेली दुरुस्त करायला ऊर्जा लागते. ती वाढीतून आणि अंडी घालण्यातून कापली जाते. विष वाढतच गेलं तर हे बांधणारं प्रोटीन पुरत नाही, सुटा धातू पेशीची मोडतोड करतो आणि प्राणी मरतो. मावशींच्या तिसऱ्यांना नेमकं हेच झालंय असं तपासल्याशिवाय म्हणता येणार नाही, पण शिंपला जिवंत असूनही आतून रोडावतो तो असा.

याची एक साधी चाचणी आहे. स्वच्छ आणि दूषित जागचे शिंपले पाण्याबाहेर ठेवायचे आणि रोज किती जगले ते मोजायचं. दूषित जागचे सहसा आधी मरतात, कारण त्यांची बचत आधीच संपलेली असते. शिंपल्यांकडून समुद्राची तब्येत तपासावी ही कल्पना एडवर्ड गोल्डबर्ग यांनी 1975 मध्ये मांडली आणि अमेरिकेत 1986 पासून किनाऱ्यावर तशी पाहणी सुरू झाली.

आता खरी गोम ऐका. जे कालव तग धरतं, त्याच्याच पोटात धातू साठलेला असतो. शिजवून जंतू मरतात, धातू जात नाही. जपानच्या मिनामाता गावात विषारी पारा मासे-शिंपल्यांतूनच माणसांत गेला. 1956 मध्ये तो आजार उघड झाला. त्याची झळ आधी कोळ्यांच्या घरांना बसली, कारण रोजचं जेवण तेच.

आपल्या केमिस्ट्री लॅबमध्ये दोन ट्रे आणि एक वही नक्की आहे. फायनल इयरच्या प्रोजेक्टला विषय शोधताय? मावशी अजून उत्तराची वाट बघतायत.