थोड्या पैशात टिकाऊ लॅपटॉप

आमच्या घरातून महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिलाच. हळदीच्या पट्टीतून लॅपटॉपसाठी पैसे निघतात ते एकदाच. म्हणून या विषयाचा थोडा अभ्यास केला. तो विद्यार्थी मित्रांपुढे ठेवतो.

टिकाऊपणा चकाकीत नसून दुरुस्तीच्या सोयीत असतो. कचेऱ्यांसाठी बनविलेले थिंकपॅड किंवा लॅटिट्यूड जुने घेतले, तरी ते बहुधा अगदी स्वस्त नव्या यंत्राहून अधिक टिकते. त्याची बिजागरी मजबूत असते व सुटे भागही मिळतात. मात्र बैल घेताना दात पाहतात, तशी येथे प्रोसेसरची पिढी पाहावी. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ साठी इंटेलचा प्रोसेसर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा लागतो. रॅम ८ जीबी असावी. हार्ड डिस्कऐवजी एसएसडी घ्यावी. तिच्यात फिरणारा भाग नसल्याने ती धक्के सोसते.

जुन्या यंत्राची बॅटरी बहुधा थकलेली असते आणि खेड्यात वीज केव्हा जाईल याचा नेम नाही. तेव्हा नव्या बॅटरीचे पैसे आधीच बाजूला काढावेत. पावती व हमी लेखी घेतल्यावाचून मात्र दुकानाची पायरी उतरू नये.