पुरुषांमधील जांघेचा चिवट दद्रू : निदान व चिकित्साक्रम

'अवघड जागेचे दुखणे आणि जावई वैद्य' ही म्हण जांघेतील पुरळाला तंतोतंत लागू पडते. रुग्ण लाजेने जागा दाखवीत नाही. आधी औषधांच्या दुकानातून ट्यूब घेतो आणि कित्येक महिन्यांनी वैद्याकडे येतो. शिरूर व दौंड तालुक्यांतील ऊसतोडणी मजूर, वाहनचालक, तसेच रांजणगाव व कुरकुंभ औद्योगिक वसाहतींतील कामगार यांच्या बाबतीत घाम, जाड घट्ट पँट, ओलसर अंतर्वस्त्रे व दाटीचे राहणे ही कारणे एकत्र येतात. अशा रुग्णाचा विचार कोणत्या क्रमाने करावा, हे प्रस्तुत लेखात पाहू.

शास्त्रविचार : दद्रूची गणना चरकांनी क्षुद्रकुष्ठांत, तर सुश्रुतांनी महाकुष्ठांत केली आहे. सुश्रुतांनी क्षुद्ररोगांत 'वृषणकच्छू' स्वतंत्रपणे वर्णिला असून, अस्वच्छतेने साचलेला मळ घामाने भिजून कंडू व स्राव उत्पन्न होतो, अशी त्याची संप्राप्ती सांगितली आहे. स्थान एकच असले तरी व्याधी एकच नव्हे, हा बोध येथे महत्त्वाचा आहे.

व्यवच्छेदक निदान : कडा उंचावलेले, मध्ये निवळणारे मंडल दद्रू सुचविते. रात्री वाढणारी खाज, शिश्न व वृषणावर गाठी आणि घरातील इतरांनाही खाज असल्यास खरूज समजावी. शिश्नमण्यावर लाली व पांढरा थर असल्यास रक्तशर्करा अवश्य तपासावी. डॅपाग्लिफ्लोझिनसारख्या मधुमेहाच्या औषधांनीही तेथे बुरशी वाढते, म्हणून चालू औषधांची यादी मागावी. रसायनांशी संबंध येणाऱ्या कामगारांत संपर्कजन्य दाह आठवावा. वेदनारहित व्रण दिसल्यास फिरंगाची रक्ततपासणी करावी. शिश्नमण्यावरील लाल, मखमली चट्टा अनेक आठवडे टिकल्यास तुकडातपासणीसाठी पाठवावे. तो कर्करोगाची पूर्वावस्था असू शकतो.

ट्यूबचा इतिहास : 'आतापर्यंत काय लावले?' हा प्रश्न सर्वांत मोलाचा आहे. रिकामी ट्यूब घेऊन येण्यास सांगावे. क्लोबेटासॉल वा बीटामेथासोनयुक्त मिश्रमलमांनी दाह दबतो व खाज थांबते. बुरशी मात्र पसरत राहते. मंडलाची कडा पुसट झाल्याने निदानही चुकते. वृषणाची त्वचा अत्यंत पातळ आहे. १९६७ च्या प्रसिद्ध अभ्यासात तेथील हायड्रोकॉर्टिसोनचे शोषण हाताच्या पुढील भागाच्या सुमारे ४० पट आढळले. दीर्घ वापराने जांघेत पडलेले भेगांसारखे पट्टे कायम राहतात. ट्यूब बंद केल्यावर काही दिवस लाली व आग वाढते. हे आधी सांगितले नाही, तर रुग्ण पुन्हा त्याच ट्यूबकडे वळतो.

चिकित्सा : कोष्ठ व बल पाहून आरोग्यवर्धिनी, गंधक रसायन, खदिरारिष्ट वा महामंजिष्ठादि क्वाथ यांची योजना करावी. बाह्यतः करंज तेल वापरता येते. टाकळ्याच्या बियांचा लेप वा गंधकाचे मलम केवळ जांघेतील मंडलावर, प्रथम थोड्या जागी लावून पाहावे. वृषण व शिश्नावर तीक्ष्ण लेप टाळावा. जागा कोरडी ठेवावी. ओला राहणारा करदोडा काढून ठेवण्यास सांगावे. टॉवेल वेगळा असावा. कपडे गरम पाण्यात धुऊन उन्हात वाळवावेत. बाधित कुटुंबीयांची चिकित्सा एकाच वेळी करावी. मंडल दिसेनासे झाल्यावरही निदान दोन आठवडे उपचार चालू ठेवावेत. तीन-चार आठवड्यांत उतार नसल्यास, किंवा व्याधी पसरत असल्यास, खवल्यांची सूक्ष्मदर्शकीय तपासणी व त्वचारोगतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. २०२० मध्ये नामकरण झालेली ट्रायकोफायटन इंडोटिनी ही बुरशी टर्बिनाफिनलाही अनेकदा दाद देत नाही.

औषधविक्रेत्यांस : २०१८ मध्ये केंद्र शासनाने चौदा बाह्योपचारी स्टेरॉइडांना असलेली सवलत काढून ती अनुसूची 'एच'खाली आणली. त्यामुळे चिठ्ठीविना अशी ट्यूब देणे नियमबाह्य आहे. त्याचप्रमाणे परवाना क्रमांक व घटकांची यादी नसलेले, 'एका दिवसात आराम' सांगणारे कथित आयुर्वेदिक मलमही दुकानात ठेवू नये. त्यात स्टेरॉइड मिसळलेले निघाल्यास हानी रुग्णाची आणि बदनामी शास्त्राची होते. ग्राहकाने खालच्या आवाजात ट्यूब मागितली, तर तिच्याऐवजी वैद्याकडे जाण्याचा सल्ला द्यावा. लाज मोडली, की अर्धी चिकित्सा तेथेच होते.

इत्यलम्।