सिरक्याचा खरा गुण : एका मिनिटाची तपासणी

माता-भगिनींनो, सिरका म्हणजेच व्हिनेगर आता वस्तीतल्या घराघरांत आले आहे. चाऊमीनमध्ये, कांद्यावर, लोणच्यात आपण ते घालतो. मोबाइलवर तर रोज नवे ऐकायला मिळते : सकाळी उपाशीपोटी सिरका प्या, साखर जाईल, चरबी वितळेल. कोणी सांगितले म्हणून मानू नका, पारखून घ्या, ही तथागतांनी कालामांना दिलेली शिकवण आहे. सिरकाही तसाच पारखून घेऊ.

सिरक्यात पाण्याखेरीज मुख्यतः ॲसिटिक आम्ल असते, साधारण 4 ते 5 टक्के. जेवणासोबत थोडा सिरका घेतला तर जेवणानंतरची साखर काहीशी कमी चढते, असे आढळले आहे. पण तो मधुमेहाच्या गोळीची जागा घेऊ शकत नाही, आणि त्याने चरबीही वितळत नाही. पाणी न मिसळता प्यायल्यास दातांचे कवच झिजते, घसा आणि पोट जळते. खाण्यातला सिरका चवीपुरताच ठीक.

याच आम्लाने जीव वाचतो, तो मात्र दुसऱ्या मार्गाने. गर्भपिशवीच्या तोंडाचा कर्करोग एकाएकी होत नाही. आधी तिथल्या पेशी बिघडतात, आणि त्यांचा कर्करोग व्हायला बहुधा 10 ते 15 वर्षे लागतात. या काळात काही दुखत नाही. तपासणीत डॉक्टर किंवा नर्स 3 ते 5 टक्के आम्लाचे पाणी कापसाने गर्भपिशवीच्या तोंडाला लावतात आणि एक मिनिट थांबतात. बिघडलेला भाग पांढरा दिसतो. कापाकापी नाही, भूल नाही. थोडी जळजळ होऊ शकते, ती लवकर थांबते.

ही तपासणी कामाची आहे हे मुंबईच्या झोपडपट्ट्यांतील स्त्रियांमुळे जगाला कळले. टाटा मेमोरियल रुग्णालयाने 1998 मध्ये 35 ते 64 वयाच्या सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. तपासणाऱ्या डॉक्टर नव्हत्या. दहावीपर्यंत शिकलेल्या, प्रशिक्षण घेतलेल्या आरोग्यसेविका होत्या. निम्म्या स्त्रियांची दर दोन वर्षांनी, अशी चार वेळा तपासणी झाली. 2013 मध्ये निष्कर्ष आला : या स्त्रियांत त्या कर्करोगाने होणारे मृत्यू 31 टक्के कमी झाले. उरलेल्या निम्म्या स्त्रियांना फक्त माहिती दिली, तपासणी नाही. गरीब बायांच्या बाबतीत असे का केले, अशी टीकाही झाली, आणि तो प्रश्न रास्तच आहे. म्हणून जे ज्ञान आपल्याच वस्त्यांतील बायांच्या जिवावर मिळाले, त्याचा लाभ आपण सोडता कामा नये.

एकदा तपासले आणि झाले, असे मात्र नाही. उस्मानाबाद जिल्ह्यातील (आताचा धाराशिव) मोठ्या अभ्यासात सिरक्याच्या एकाच तपासणीने मृत्यू स्पष्टपणे कमी झाले नाहीत. एचपीव्ही या विषाणूच्या तपासणीने मात्र ते जवळपास निम्म्यावर आले. ती मिळत असेल तर अवश्य करावी. नसेल तर सिरक्याची तपासणी करावी, आणि पुन्हा पुन्हा करावी. सरकारी कार्यक्रमात 30 ते 65 वयाच्या स्त्रियांसाठी ती दर 5 वर्षांनी सांगितली आहे.

लक्षात ठेवा :

• पांढरा डाग म्हणजे कर्करोग नव्हे. पुढची तपासणी करायची एवढाच त्याचा अर्थ. बिघाड लवकर सापडला तर तेवढाच भाग गोठवून किंवा शेकून काढता येतो; बहुतेक वेळा गर्भपिशवी काढावी लागत नाही.

• पाळीच्या दिवसांत किंवा गरोदरपणी ही तपासणी करू नये. पाळी जाऊन बरीच वर्षे झाली असतील तर ती अपुरी पडू शकते. डॉक्टरांना तसे सांगावे.

• घरचा सिरका अंगात कधीही लावू नये, त्याने धुऊही नये. इजा होते.

• संबंधानंतर रक्त जाणे, पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसणे, अंगावरून दुर्गंधीयुक्त पाणी जाणे, यांपैकी काही असेल तर शिबिराची वाट न पाहता लगेच दवाखाना गाठावा.

• हा विषाणू शरीरसंबंधातून येतो आणि बहुतेकांना आयुष्यात कधी ना कधी लागतोच. त्यावरून बाईच्या चारित्र्यावर बोट ठेवणे अडाणीपणाचे आहे. मुलींसाठी लस आहे. 9 ते 14 या वयात ती सर्वांत चांगली लागू पडते.

नागपुरात मेडिकल, मेयो किंवा डागा रुग्णालयाच्या स्त्रीरोग विभागात, नाहीतर जवळच्या सरकारी दवाखान्यात चौकशी करावी. एकटीला संकोच वाटतो, म्हणून विहारातील महिला मंडळाने तिशीपुढच्या भगिनींची यादी करावी आणि पाच-पाच जणींनी मिळून जावे. पुरुषांनी त्या दिवशी घरचे काम आणि लेकरे सांभाळावीत. घरातल्या बाईचा जीव वाचवण्यात त्यांचाही वाटा असला पाहिजे.

जय भीम! नमो बुद्धाय!